सायकलच्या हवेइतकीच पोटाचीही काळजी घ्या

दिवाळी आटोपली आणि पहाटे थोडा गारवा जाणवू लागला, की ठाणे-बेलापूर रस्त्यावर सायकलस्वारांचे गट दिसू लागतात. ऐरोलीहून कुणी पनवेलपर्यंत जाऊन परत येतो, कुणी खोपोली गाठून खंडाळ्याचा घाट चढतो, तर कुणी चार-पाच दिवसांची रजा काढून थेट गोव्याचा बेत आखतो. व्यायाम म्हणून ही गोष्ट उत्तमच आहे. निघण्यापूर्वी ही मंडळी सायकलची हवा, ब्रेक, चेन सगळे तपासून घेतात. पोटाचा विचार मात्र आदल्या रात्री होतो. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, कोणती पावडर घेऊ?"

पावडरीचे नंतर पाहू. आधी हिशेब समजून घेऊ.

शरीराची टाकी किती?

साधारण सत्तर किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी १८ ते २० किलोमीटर वेगाने सायकल चालवतो, तेव्हा तासाला अंदाजे ४०० ते ५०० कॅलरी खर्च होतात. चढावर याहून जास्त. हे इंधन दोन ठिकाणांहून येते. एक चरबी, जिचा साठा आपल्यापैकी बहुतेकांकडे भरपूर आहे. दुसरे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. तिचा साठा फार तर ४०० ते ५०० ग्रॅम असतो. त्यातून १६०० ते २००० कॅलरी मिळतात.

चरबी सावकाश जळते, त्यामुळे जोर लावायचा म्हटले की शरीर साखरेकडेच हात पसरते. काही न खाता निघालेल्या स्वाराची ही टाकी तीन-चार तासांत तळाला जाते. मग पाय शिशासारखे जड होतात, हात थरथरतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा अवस्थेत मागून येणारा ट्रकही वेळेवर लक्षात येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ दमण्याचा नाही, जीवाचा आहे.

यावर उपाय एकच. भूक लागण्याची वाट पाहू नये. पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खात राहावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा साखरयुक्त पदार्थ पोटात जायला हवेत. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, गूळ लावून गुंडाळलेल्या एका पोळीतूनही जवळपास तेवढेच. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, गूळपोळी, दशमी हे सारे खिशात मावणारे आणि न विटणारे पदार्थ आहेत. आपल्या आज्या प्रवासाला हीच शिदोरी देत असत. महागड्या पावडरीत प्रामुख्याने साखर आणि मीठच असते. परवडत असेल आणि पोटाला मानवत असेल तर जरूर घ्या, पण तिच्यावाचून अडत नाही.

निघण्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा इडली असा हलका नाश्ता करावा. वाटेत वडापाव आणि तर्रीदार मिसळ खुणावते, हे मलाही ठाऊक आहे. पण तेलकट पदार्थ जठरात रेंगाळतात आणि पुढच्या चढावर घशाशी येतात. ते मुक्कामी पोहोचल्यावर खा. दुपारी दही-भात किंवा वरण-भात पुरे, तोही पोटाला तडस लागेपर्यंत नको.

नुसते पाणी पुरत नाही

गेल्या काही वर्षांत "पाणी प्या, पाणी प्या" हा उपदेश इतका झाला आहे, की त्याचाही अतिरेक होऊ लागला आहे. माझ्या एका तिशीतल्या रुग्णाचे उदाहरण देतो. कोकणात सायकलने जाताना त्याने दुपारपर्यंत सहा-सात लिटर साधे पाणी प्यायले. खाणे जवळजवळ नाही, मीठ अजिबात नाही. बोटे सुजून अंगठी घट्ट झाली, डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. उन्हाचा त्रास समजून मित्रांनी त्याला आणखी पाणी पाजले. तो असंबद्ध बोलू लागला तेव्हा रुग्णालयात नेले. रक्तातील सोडियम १२४ वर आले होते. ते १३५च्या वर असायला हवे. वेळेवर उपचार झाल्याने तो वाचला आणि कागदपत्रे घेऊन नंतर मला भेटला.

हे अपवादात्मक नाही. अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. म्हणजे घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी ते पीत होते.

मग प्यावे किती? तहान हा चांगला सल्लागार आहे. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते, तेही घोट-घोट. आपला घाम मोजायची एक घरगुती रीत सांगतो. लघवी करून वजन करा, एक तास सायकल चालवा, घाम पुसून पुन्हा वजन करा. ६०० ग्रॅम घटले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्याला असाल, तर तुमचा घाम तासाला सुमारे १.१ लिटर आहे. तो सगळा वाटेतच भरून काढण्याची गरज नाही. दिवसभरात वजन दोन टक्क्यांहून जास्त घटू नये आणि वाढू तर अजिबात नये, एवढे पाहावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

लिटरभर घामातून सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. म्हणजे जवळजवळ अर्धा चहाचा चमचा मीठ. ज्यांच्या शर्टावर घाम वाळून पांढरे पट्टे उमटतात, त्यांचे मीठ अधिक जाते. म्हणून लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक यांत मीठ हवेच. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. त्याच्यासोबत खारे शेंगदाणे खावेत. उसाच्या रसाने ताकद येते, पण बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे पाहून.

ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, हा आणखी एक चांगला पर्याय. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. मात्र लिटरचे पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवावे, पाऊण लिटरच्या सायकलच्या बाटलीत नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाजारात ओआरएस असे नाव मिरवणारी गोड पेये मिळत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना हे नाव लावू नये, असा आदेश केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. तेव्हा पाकिटावरचे घटक वाचूनच घ्या.

औषधे चालू असणाऱ्यांनी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकल चालवताना, आणि त्या रात्री झोपेतही, एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांचेही तेच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचा प्रयोग परस्पर करू नये. या सर्वांनी निघण्याआधी आठवडाभर तरी आपल्या डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी. आणि एक गोष्ट सर्वांसाठी : पाय दुखतात म्हणून उन्हात, शरीरातले पाणी कमी असताना ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

मनगटावरचा मदतनीस

अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत असते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. चौघेही वैद्यकीय पेशातले, हे विशेष. अशा शर्यतीत स्वाराच्या मागे मदतनीसांची गाडी असते. काय खायचे, किती प्यायचे, याची नोंद ते ठेवतात, कारण थकलेल्या मेंदूला भूक-तहान नीट कळत नाही.

आपल्या मागे अशी गाडी नसते. मग मनगटावरच्या घड्याळात दर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की दोन घोट आणि दोन घास. मुक्कामी पोहोचल्यावर तासाभरात दूध, अंडी, उसळ-भात किंवा वरण-भात घ्या, म्हणजे रिकामी टाकी दुसऱ्या दिवसासाठी भरेल. सोबत्याचे बोलणे असंबद्ध झाले, उलट्या थांबेनात किंवा अंग तापून तो भ्रमल्यासारखा वागू लागला, तर सायकल बाजूला लावा आणि थेट रुग्णालय गाठा. अंग तापले असेल तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला लगेच सुरुवात करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि नवा पदार्थ, नवी पावडर, नवे सरबत यांची परीक्षा प्रवासात घेऊ नका. ती आधीच्या रविवारी, घराजवळच्या रस्त्यावर घ्या.