मिंतिमेर शायमियेव : तातारस्तानचे पहिले अध्यक्ष

व्होल्गेकाठच्या तातारस्तानात तातार निम्म्याहून थोडे अधिक आणि रशियन सुमारे ४० टक्के. अशा मिश्र प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाची सूत्रे, १९३७ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि सोव्हिएत अमदानीत दीर्घकाळ पाटबंधाऱ्यांचे खाते सांभाळलेल्या शायमियेव यांच्या हाती जून १९९१मध्ये आली. मार्च १९९२च्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी सार्वभौमत्वाचा पक्ष उचलून धरला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस इतर प्रजासत्ताकांनी मॉस्कोत संघराज्य-करारावर सह्या केल्या तेव्हा तातारस्तान व चेचन्या ही दोनच अलग राहिली. चेचन्याच्या वाट्यास युद्ध आले. शायमियेव मात्र चिकाटीने वाटाघाटी करीत राहिले आणि १५ फेब्रुवारी १९९४ रोजी, तेलसंपत्ती व महसूल यांवरील प्रजासत्ताकाचा अधिकार बव्हंशी मान्य करणारा तहनामा त्यांनी पदरात पाडून घेतला. रक्तपात टळला, एवढ्यावरूनही या मुत्सद्देगिरीची थोरवी मान्य करावी लागते. १९९१ व १९९६ या दोन्ही निवडणुकांत त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धीच नव्हता, हा त्यांच्या राजवटीवरील डाग झाकण्यासारखा नाही. शिवाय २००० नंतर मॉस्कोने संपादित अधिकार एकेक करून परत घेतले. २०१० साली पद सोडल्यावर बोल्गारचे इस्लामी अवशेष आणि स्वियाझ्स्कची ख्रिस्ती मंदिरे यांचा जीर्णोद्धार त्यांनी एकाच वेळी हाती घेतला.