गप्पींची अनावर वीण

शाळेत मत्स्यालय ठेवायचे ठरले, की पहिली निवड बहुधा गप्पीचीच होते. मासा स्वस्त, काटक आणि रंगीत. एक नर व एक-दोन माद्या आणल्या जातात. महिनाभरात पाणवनस्पतींच्या आडोशाला बारीक पिल्ले दिसू लागतात आणि वर्गात आनंदीआनंद होतो. सहा महिन्यांनी तेच शिक्षक विचारतात, "आता हे थांबवायचे कसे?"

थोडे गणित करू. पूर्ण वाढलेली मादी साधारण चार आठवड्यांनी एकदा विते. एका विणीत ३० पिल्ले धरू. पाच महिन्यांत एकट्या आईची १५० पिल्ले झाली. पहिल्या विणीतल्या १५ माद्या तीन महिन्यांच्या आतच वयात येतात. पहिलटकरणीची वीण लहान असते. प्रत्येकीची १० पिल्ले धरली तरी पाचव्या महिन्याअखेर आणखी १५०. म्हणजे एका मादीमागे ३००! दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत पाणी जेमतेम ५० लिटर मावते. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. गाळणीतले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पण त्यांच्याही कामाला मर्यादा असते. शिवाय रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. पहाटे सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून दिसले, तर टाकी भरली असे खुशाल समजावे.

निसर्गात असे का होत नाही? गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला या भागातला. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधब्यांच्या खाली मोठे भक्षक मासे आहेत. तिथले गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण लहान पिल्ले देतात. धबधब्यांच्या वर हे भक्षक पोचत नाहीत. तिथे गप्पी उशिरा वयात येतात, पिल्ले कमी पण मोठी देतात. जॉन एंडलर यांनी १९७६ साली अरिपो नदीतले खालचे गप्पी वरच्या, गप्पी नसलेल्या प्रवाहात सोडले. अकरा वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, त्यांच्या वंशजांचे वळण वरच्या माशांसारखे झाले. डेव्हिड रेझनिक व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे. आपल्या टाकीत मात्र भक्षक नाही, अन्न वेळेवर मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या थांबायला आपल्याला सवड नाही.

मग नर वेगळे काढले की झाले, असे वाटते. मीही तसेच केले होते. तरीही पुढचे कित्येक महिने पिल्ले येतच राहिली आणि घरातल्या मंडळींनी माझ्या पदवीबद्दल शंका घेतली. कारण असे, की मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. एका मीलनावर ती अनेकदा विऊ शकते. दुकानातून आणलेली 'एकटी' मादीसुद्धा बहुधा गाभणच असते. म्हणून ठेवायचेच तर फक्त नर ठेवावेत. रंग त्यांच्याचकडे असतात!

पिल्ले वेगळी करायची असतील, तर ती तीन-चार आठवड्यांची झाल्यापासून दर आठवड्याला तपासावी. भिंगातून पोटाखालचा गुदपर पाहावा. मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा निमुळता होत काडीसारखा बनतो. हे काम विद्यार्थी उत्तम करतात. एक नर नजरेतून सुटला तरी मेहनत पाण्यात जाते, हे त्यांना आधीच सांगावे.

दुसरा उपाय काहींना क्रूर वाटेल. मोठे गप्पी स्वतःचीच पिल्ले खातात. दाट वनस्पती विरळ केल्या व खाणे बेताचे ठेवले, की संख्या बरीचशी आपोआप आवरते. एखादा एंजल मासाही पिल्ले फस्त करतो. मात्र मोठा झाल्यावर तो लहान नरांवरही डोळा ठेवतो. मला विचाराल तर पिल्ले आईबापांनी खाणे हे गर्दीत सगळ्यांनीच गुदमरण्यापेक्षा बरे. विद्यार्थ्यांपासून ते लपवूही नये.

उरलेले मासे दुसऱ्या शाळेला किंवा विक्रेत्याला द्यावेत. ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत मात्र सोडू नयेत. डासांच्या अळ्या खातो म्हणून गप्पी भारतात आणला गेला, पण तो इथला नव्हे. सह्याद्रीच्या ओढ्यांत आप्लोकायलससारखे अळ्या खाणारे देशी मासे आहेत. गप्पी त्यांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतात. आणि तीस पिल्ले देणारी एकच गाभण मादी तिथे नवी वस्ती उभी करायला पुरेशी असते. टाकीचे पाणी बदलतानाही ते बारीक जाळीतून गाळून झाडांना घालावे. नवजात पिल्लू जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचे असते आणि नळीतून सहज निसटते.