नवे मासे आणा, पण आधी वेगळे ठेवा

हल्ली शहरांतील बऱ्याच घरांत काचेच्या पेटीतले मासे दिसतात. कुत्रा-मांजर पाळायला जागा नसते, शेजाऱ्यांची तक्रारही नको असते. पण दोन खोल्यांच्या घरातही एका कोपऱ्यात माशांची पेटी मावते. कुणी मुलाच्या वाढदिवसाला ती आणते, कुणी परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून. सहा महिने, वर्षभर सारे सुरळीत चालते. मग एखाद्या रविवारी बाजारातून दोन नवे मासे येतात, पिशवीची गाठ सोडून ते थेट पेटीत ओतले जातात, आणि आठ-दहा दिवसांत नव्यांबरोबर जुनेही एकेक करून पाण्यावर तरंगू लागतात. मूल रडते. वडील म्हणतात, पाणी मानवले नाही. दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो. अखेरीस रिकामी पेटी माळ्यावर जाते.

हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते. त्यासाठी फार पैसा लागत नाही, लागतो तो धीर. नवा मासा मुख्य पेटीत सोडण्यापूर्वी चार आठवडे वेगळा ठेवायचा, एवढेच ते पथ्य आहे. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत ‘विलगीकरण’ आणि ‘क्वारंटाईन’ हे शब्द आपल्या घराघरांत पोहोचले. कल्पना मात्र जुनी आहे. १३७७ साली रागुझा, म्हणजे आजचे डुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगच्या गावाहून येणाऱ्या प्रवाशांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरून क्वारंटाईन हे नाव पडले. माणसांना जे लागू, तेच माशांनाही लागू आहे.

मासा आपल्या घरी येतो कसा?

दुकानातला मासा तिथे जन्मलेला नसतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या शोभेच्या माशांपैकी पुष्कळ मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याच्या आसपासच्या तळ्यांतून येतात, काही परदेशातून येतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत दाटीवाटीने रेल्वेचा वा विमानाचा प्रवास, मग घाऊक व्यापाऱ्याची टाकी, मग किरकोळ दुकान आणि शेवटी आपले घर. प्रत्येक ठिकाणी नवे पाणी, नवी जाळी, नवी सोबत. या हालअपेष्टांत माशाची प्रतिकारशक्ती खचते. शिवाय अनेक दुकानांत एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरते आणि काही ठिकाणी सगळ्या टाक्यांचे पाणीही एकाच फिल्टरमधून जाते. म्हणजे एका टाकीतला रोग साऱ्या दुकानाचा होतो.

अशा माशावर विकत घेताना कोणतेही चिन्ह दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. चांगला मासा निवडून घ्यावा हे बरोबर. पण डोळ्यांनी निवडलेला मासा निरोगी असतोच असे नाही.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट

सर्वांत जास्त घरांत येणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर व परांवर रव्याचे किंवा मिठाचे कण पडल्यासारखे दिसतात. शौकीन मंडळी याला ‘इक’ म्हणतात. हा एका एकपेशीय परजीवीचा प्रताप आहे. १८७६ साली फुके या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ होतो ‘पुष्कळ लेकरे असलेली माशाची ऊ’. नाव अगदी सार्थ आहे.

हा जीव माशाच्या कातडीखाली शिरून तिथेच पोसला जातो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी जातो, दगडाला वा वनस्पतीला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचाच्या आत त्याचे विभाजन होत होत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार होतात. कवच फुटले की ती पोहत सुटतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण बंद पेटीत मासा सापडणे काय कठीण? २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र सुमारे आठवड्यात पूर्ण होते. पाणी थंड असेल तर त्याला कित्येक आठवडे लागतात.

या गोष्टीतून दोन बोध मिळतात. पहिला असा की, औषध लागू पडते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालच्या आणि कवचातल्या जीवाला ते पोहोचत नाही. म्हणून दोन दिवस औषध घालून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे समजू नये. दुसरा बोध असा की, पहिल्या फेरीत एखाददुसराच जीव कल्ल्यांत दडलेला असतो, तो दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत संख्या वाढते तेव्हा मासा ठिपक्यांनी भरतो. तीन-चार दिवस वेगळे ठेवून ‘काही दिसत नाही’ म्हणणे म्हणूनच फसवे आहे. अँकर वर्म नावाचा दोऱ्यासारखा परजीवी गोल्डफिशबरोबर नेहमी येतो. त्यालाही वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब यातूनच आला आहे.

काय काय लागते?

वीस ते तीस लिटर पाणी मावेल असा प्लॅस्टिकचा टब किंवा लहान काचेची टाकी पुरते. टबात पूर्वी साबण, रंग वा फिनेल ठेवलेले नसावे. तळाला वाळू-खडे घालू नयेत; तळ उघडा असला की घाण व विष्ठा दिसते आणि परजीवींना दडायला जागा उरत नाही. माशाला आडोसा हवा म्हणून प्लॅस्टिक पाइपचा तुकडा टाकावा. वरून जाळीचे झाकण ठेवावे, कारण घाबरलेला मासा उडी मारतो.

हवेचा छोटा पंप आणि स्पंजचा फिल्टर एवढी यंत्रसामग्री बस्स आहे. हा स्पंज आधी महिनाभर मुख्य पेटीत ठेवून द्यावा. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विषासमान असतो. त्याचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू स्पंजात वस्ती करतात. कोऱ्या स्पंजात ते नसतात, म्हणून विलगीकरणाच्या टाकीतच मासा मरण्याची उदाहरणे पुष्कळ घडतात. तयार स्पंज नसेल तर खाणे अगदी कमी द्यावे आणि एक दिवसाआड पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवून किंवा क्लोरीन मारणारे द्रव्य घालून मगच वापरावे.

विदर्भ-मराठवाड्यात थंडीच्या रात्री पाणी फार गार पडते आणि ठिपक्यांचा रोग हमखास डोके वर काढतो. तिथे हीटर व थर्मामीटर असलेला बरा. वीज गेली तर मगने पाणी उचलून हळूहळू पुन्हा टबात ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते.

या टाकीची जाळी, नळी आणि बादली वेगळी असावी. त्यांवर लाल खूण करून ठेवावी म्हणजे घरातल्या कुणाचाही घोटाळा होणार नाही. रोजचे काम आधी मुख्य पेटीचे करावे, मग नव्या माशांचे. उलट करू नये. शेवटी हात साबणाने धुवावेत. दोन्ही टाक्या एकमेकींना लागून ठेवू नयेत, कारण उडालेल्या थेंबांतूनही रोग जातो.

अठ्ठावीस दिवसांची वही

बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टबात तरंगत ठेवावी. मग थोडे थोडे टबातले पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून टबात सोडावा. दुकानाचे पाणी टबात ओतू नये.

यापुढचे काम मुलांकडे सोपवावे. एका वहीत रोज तारीख घालून नोंद करायची. मासा खातो का? पर पसरलेले आहेत की अंगाला चिकटलेले? पाइपला अंग घासतो का? कल्ले भराभर हलतात का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे का? तोंडाशी कापसासारखे काही दिसते का? अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखे वाटते का? शेवटची खूण विजेरीचा झोत तिरका टाकला की नीट दिसते. तो ‘व्हेल्व्हेट’ नावाचा रोग. पाहणे, लिहिणे आणि कारण शोधणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि ती शिकवायला घरात यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

दहाव्या दिवशी आणखी एक मासा त्याच टबात टाकला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मध्येच रोग दिसला तर तो पूर्ण बरा झाल्यानंतर दिवस मोजावेत. या नियमात सवलत नाही.

ठिपके दिसल्यास पाण्याचे तापमान हळूहळू, काही तासांना एक अंश याप्रमाणे, २९-३० अंशांपर्यंत न्यावे आणि पंप जोरात चालवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गोल्डफिशला मात्र एवढी उष्णता फार दिवस सोसत नाही. आयोडीन नसलेले जाडे मीठ लिटरला एक-दोन ग्रॅम या प्रमाणात, पाण्यात विरघळवून, दिवसभरात दोन-तीन वेळा विभागून घालता येते. बिनखवल्यांच्या माशांना मीठ जपून द्यावे. बाजारातले औषध घ्यायचे तर बाटलीवरचे प्रमाण वाचून, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवावे. टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची पद्धत चुकीची आहे. परजीवीवर तिचा उपयोग नाही, फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू तिने मरू शकतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात.

मागच्या दाराने येणारा रोग

मासा वेगळा ठेवला पण वनस्पती थेट पेटीत लावली, तर पथ्य मोडले. पानांवर व शंखांवर परजीवीची कवचे येऊ शकतात. वनस्पती दोन आठवडे मासे नसलेल्या पाण्यात ठेवाव्यात. ‘ट्युबिफेक्स’ म्हणून मिळणारे जिवंत लाल किडे घाण पाण्यात वाढतात. त्याऐवजी कोरडे खाद्य द्यावे. डास खाणारे गप्पी मासे मुले नाल्यातून बरणीत भरून आणतात. मुलांचा उत्साह मोडू नये, पण ते मासेही आधी टबातच जावेत.

माणसांनीही काळजी घ्यावी. माशांना क्षयासारखा एक रोग होतो आणि त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरून न भरणारी गाठ करतात. हाताला कापले असेल तर पेटीत हात घालू नये, आणि नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये.

‘संकट माशाने घेतले’

मासे मेले की पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते: ‘घरावर काही येणार होते, ते माशाने आपल्या अंगावर घेतले.’ भाग्याचे म्हणून महागडे मासे विकणाऱ्यांनी ही समजूत चांगलीच पोसली आहे. तिने दुहेरी नुकसान होते. कारण शोधलेच जात नाही, म्हणून पुढचे मासेही त्याच रोगाने मरतात आणि विकणाऱ्याचा धंदा चालू राहतो. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या भल्यासाठी एक मुका जीव मेला यात समाधान मानायला मूल शिकते. मासा मेला तो रोगाने, आणि तो रोग आपण पिशवीतून घरी आणला होता, हे मुलाला सांगावे. त्याला दुःख होईल, पण पुढच्या वेळी तो टब आधी मांडेल.

पेटीचे पाणी नदीत नको

ही बाब एका घरापुरती राहत नाही. १९८८ साली ईशान्य भारतात, आसाम, त्रिपुरा, मेघालय या भागांत, माशांच्या अंगावर खोल व्रण पाडणारा एक बुरशीसदृश रोग आला आणि पुढच्या काही वर्षांत देशाच्या मोठ्या भागात पसरला. व्रण पाहून लोकांनी मासे घेणे सोडले आणि रोज जाळे टाकून पोट भरणाऱ्या कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली. पाण्यातला रोग एकदा मोकळ्या पाण्यात गेला की त्याला परत बोलावता येत नाही. शोभेसाठी आणलेला सकर मासा कुणी तरी पाण्यात सोडला आणि आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याला गिऱ्हाईक नाही, उलट त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात.

म्हणून नकोसा झालेला किंवा आजारी मासा नदी, विहीर, तलावात सोडू नये. मेलेला मासा जमिनीत पुरावा. रोगट टाकीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून तासाभराने ते मोरीत ओतावे आणि टब, जाळी, नळी कडक उन्हात पूर्ण वाळवावी.

बाजारात जाण्यापूर्वी, वाचकहो, एवढेच करा: टब स्वच्छ धुऊन त्यात पाणी भरून ठेवा, स्पंज लावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्या हाताने तारीख लिहून घ्या. मासा त्यानंतर आणा.