तीन सत्रांचं वर्ष

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या निवासी शाळेत मुलाचा प्रवेश पक्का झाला, की घरी येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात सत्रांच्या तारखांचं एक पान असतं. फीचं पत्रक आणि गणवेशाची यादी पालक पुन्हा पुन्हा वाचतात. तारखांचं पान मात्र फ्रिजच्या दारावर जातं आणि तिथेच राहतं. खरं तर शाळा मुलाकडून काय मागणार आणि घराला काय गृहीत धरणार, हे या एका पानाइतकं स्पष्ट त्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नसतं.

वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि जुलैच्या सुरुवातीला आटोपतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं ते मायकेलमस सत्र, जानेवारीपासून मार्चअखेरीपर्यंत लेंट, आणि ईस्टरच्या सुट्टीनंतरचं ते समर किंवा ट्रिनिटी. मायकेलमस म्हणजे 29 सप्टेंबरचा सेंट मायकलचा सण. जुन्या इंग्लंडमध्ये वर्षात हिशेबाचे चार दिवस ठरलेले असत, त्यातला हा एक. सुगी आटोपलेली असायची, कुळांनी खंड भरायचा, गडीमाणसांचे नवे करार व्हायचे. तिथल्या न्यायालयांचं आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचं शरदातलं सत्रही याच नावाचं. शाळा आता सणाच्या तीन-चार आठवडे आधीच उघडते, पण नाव टिकून आहे.

जितकी जुनी शाळा, तितकी तिची बोली वेगळी. सहाव्या हेन्री राजाने 1440 साली स्थापन केलेल्या ईटनमध्ये वर्षाला तीन सत्रं असली तरी प्रत्येकाला ‘हाफ’च म्हणतात. चार्टरहाउसमध्ये सत्राला ‘क्वार्टर’ म्हणतात: ओरेशन, लाँग आणि क्रिकेट. 1382 साली स्थापन झालेल्या विंचेस्टरमध्ये शॉर्ट हाफ, कॉमन टाइम आणि क्लॉइस्टर टाइम. नव्या मुलाला ही सगळी बोली पहिल्या काही आठवड्यांतच उचलावी लागते.

वेळापत्रक लावणाऱ्याची खरी कसोटी लागते ती लेंट सत्रात. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. त्यामुळे हा सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. 2024 साली तो 31 मार्चला होता, 2025 साली 20 एप्रिलला. पंचांग बघून सण साजरे करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण वार्षिक परीक्षा आणि सामने या रविवारावर टांगलेले असले की प्रश्न गंभीर होतो. ब्रिटिश संसदेने 1928 साली ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी पक्का करणारा कायदाही केला. तो आजतागायत अमलात आलेला नाही.

सुट्टी ईस्टरभोवतीच ठेवायची म्हटलं, तर ईस्टर उशिरा आला की लेंट सत्र लांबतं आणि उन्हाळी सत्र आखडतं. जीसीएसई आणि ए-लेव्हल या परीक्षा मात्र मे-जूनमध्ये ठरल्या वेळी होतात. त्यांना चंद्राशी देणंघेणं नाही. म्हणून बऱ्याच शाळा सुट्टी ईस्टरपासून सोडवून घेतात आणि तारखा दोन-दोन वर्षं आधी जाहीर करतात. हे शहाणपणाचं आहे. दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाचे दोन आठवडे सणापायी जाऊ नयेत.

सरकारी शाळांशी तुलना केली तर आधी आकडा डोळ्यांत भरतो. इंग्लंडमधल्या सरकारी शाळा वर्षाला साधारण 190 दिवस भरतात. खासगी शाळा आपल्या तारखा स्वतः ठरवतात आणि बहुतेकींचे दिवस त्याहून कमी असतात. नाताळ आणि ईस्टरला तीन-चार आठवडे, उन्हाळ्यात आठ आठवड्यांच्या पुढे सुट्टी. एवढी फी भरून शिकवणं कमी, अशी तक्रार इथून सुरू होते. पण निवासी शाळेचा आठवडा आतून बघायला हवा. अनेक ठिकाणी शनिवारी सकाळी पूर्ण तास होतात, दुपारी सामने. बुधवारची दुपारही मैदानावर जाते. संध्याकाळी जेवणानंतर ठरावीक वेळ अभ्यास, त्यावर देखरेख, मग झोप. रविवारी चॅपल. शरदात रग्बी, लेंटमध्ये हॉकी किंवा फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट आणि नौकानयन. दर सत्राला खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका छापण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. तिच्यात एकेका दिवसाखाली कुठल्या संघाचा सामना कुठे, बस किती वाजता निघणार, चॅपलमध्ये प्रवचन कोणाचं, वाद्यवृंदाची तालीम कुठल्या खोलीत, हे बारीक अक्षरांत असतं. त्या पुस्तिकेत रिकामी दुपार शोधून सापडत नाही. बारा आठवडे असे काढलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला लांब सुट्टी लागतेच.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. एकाच गावात दोन कॅलेंडरं चालतात. खासगी शाळेतली मुलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळी होतात, तेव्हा शेजारच्या सरकारी शाळेतल्या मुलांचे दोन-तीन आठवडे शाळेतच जायचे असतात. आई सरकारी शाळेत शिक्षिका आणि मूल खासगी शाळेत असेल, तर घराला एकत्र सुट्टी मिळणंही मुश्किल. देशातली सहा-सात टक्के मुलंच खासगी शाळांत जातात. बाकीच्यांपासून त्यांचं अंतर फीने पडतंच; सुट्ट्यांनीही पडावं, याची काही गरज नव्हती.

सत्राच्या मध्यावर ‘हाफ टर्म’ येते. ऑक्टोबरची अनेक निवासी शाळांत दोन आठवड्यांची, फेब्रुवारीची आणि मेअखेरची एकेक आठवड्याची. तिच्या अलीकडे-पलीकडे ‘एक्सिअॅट’ नावाचा शनिवार-रविवार असतो. त्या दोन दिवसांत वसतिगृह अनेकदा चक्क बंद होतं. मूल कुठेतरी गेलंच पाहिजे. पालक तासाभराच्या अंतरावर राहतात हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि परदेशातून आलेल्या मुलाला ती तिथेच बोचते.

ही बोच जुनी आहे. रुडयार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. 1871 साली आईवडिलांनी त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडला साउथसीमध्ये एका अनोळखी कुटुंबात ठेवलं आणि ते परतले. जहाजाच्या त्या काळात सुट्टीत मुंबईला येण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षातला एकच महिना, डिसेंबर, त्याला मावशीच्या लंडनमधल्या घरी मिळायचा. त्या घराबद्दलची माया आणि साउथसीबद्दलचा राग त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत राहिला. आज मुंबईहून लंडन एका रात्रीचा प्रवास आहे, पण दोन दिवसांच्या सुट्टीसाठी कोणी विमानाने घरी येत नाही. म्हणून शाळा परदेशी मुलासाठी इंग्लंडमध्ये राहणारा पालक-प्रतिनिधी नेमायला सांगतात. नातेवाईक नसतील तर हे काम पैसे घेऊन करणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांची तपासणी करून मान्यता देणारी एजिस ही संघटनाही आहे.

दिवाळीला घरी येता येईल की नाही, हेही याच तारखांवर ठरतं. 2025 साली ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, म्हणजे हाफ टर्मच्या आसपास. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. तेव्हा शाळा ऐन भरात होती.

पैशाचा हिशेबही याच पानावर चालतो. फी सत्राची, आणि आगाऊ. ईटनची वर्षाची फी आता 60 हजार पौंडांच्या वर आहे. त्यात 1 जानेवारी 2025पासून खासगी शाळांच्या फीवर लागू झालेला 20 टक्के व्हॅटही आला. मुलाला काढायचं असेल तर सहसा पूर्ण एका सत्राची लेखी सूचना द्यावी लागते. जुलैत काढायचं, तर एप्रिलमध्ये उन्हाळी सत्र सुरू होण्याआधी पत्र पोहोचलं पाहिजे. चुकलं, तर पुढच्या सत्राची पूर्ण फी भरावी लागते, मूल शाळेत असो वा नसो. करारातलं हे कलम पालकांना अनेकदा तेव्हा कळतं, जेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून मूल तिकडे पाठवायचा विचार करणाऱ्यांना एक विनंती. अनामत रक्कम भरण्याआधी शाळेच्या तारखांचं पान आणि कालनिर्णय शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक एक्सिअॅट आणि प्रत्येक हाफ टर्मपुढे, त्या दिवशी मुलाला न्यायला कोण येणार, त्या माणसाचं नाव लिहा. संस्थेचं नको, माणसाचं. एकही जागा रिकामी राहिली, तर वर्षभर थांबा.