डायलिसिसची खुर्ची आणि कावीळ

आठवड्याला दोन-तीन खेपा, दर खेपेला साधारण चार तास. राजापूर-लांज्याहून रत्नागिरीला डायलिसिससाठी येणाऱ्या रुग्णाचं रक्त तेवढा वेळ शरीराबाहेर फिरत असतं, तेही थोड्या वेळापूर्वी दुसऱ्याने रिकामी केलेल्या खुर्चीत.

हेपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू सुकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या डागातही किमान ७ दिवस तग धरतो. संशय मशिनवर जातो, पण खरे गुन्हेगार बहुधा हात: न बदललेले हातमोजे, दोघातिघांना पुरवलेली, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली, त्याच हाताने दाबलेली मशिनची बटणं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या डायलिसिस केंद्रात १९६९-७० मध्ये आलेल्या या काविळीच्या साथीत रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले होते.

म्हणून ‘बी’ पॉझिटिव्ह रुग्णाला मशिन वेगळं, शक्यतो खोलीही. लस डायलिसिस सुरू होण्याआधीच घेतलेली बरी. नंतर ती नेहमीच्या दुप्पट मात्रेत द्यावी लागते आणि तरी प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. अँटिबॉडीची पातळी १० mIU/mL च्या खाली गेली की बूस्टर.

हेपॅटायटिस ‘सी’ला लस नाही, गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

गणपतीला मुंबईहून येऊन इथे डायलिसिस घेणाऱ्या चाकरमान्यांनी बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट सोबत आणावेत. परत गेल्यावर, इथे डायलिसिस घेतल्याचं तिथल्या केंद्रालाही सांगावं, म्हणजे तपासणी पुन्हा होईल. कारण संसर्ग ताजा असेल तर पहिली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते.