शंकरपट : चलाखी कुठे संपते, लबाडी कुठे सुरू होते?

धानाची कापणी आणि मळणी आटोपली, बांध्या मोकळ्या झाल्या की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि भोवतालच्या साऱ्या झाडीपट्टीत मंडई आणि शंकरपटाचे दिवस सुरू होतात. दिवसा पट आणि रात्री नाटक, असा येथील उत्सवाचा पूर्वापार क्रम आहे. पट सायंकाळी संपतो. परंतु त्यावरील वाद मात्र चहाच्या टपरीपासून नाटकाच्या मंडपापर्यंत चालू राहतो. अमुक जोडी आधी सुटली, तमुक धुरकऱ्याच्या हाताला काहीतरी होते, पंचांनी पाहूनही न पाहिल्यासारखे केले, हे या वादाचे ठरलेले विषय. 'त्याने नियम मोडला' असे एक जण म्हणतो आणि 'त्याने डोके चालविले' असे दुसरा. या दोन वाक्यांमधील अंतर किती, हा प्रश्न केवळ झाडीपट्टीचा नाही. जगातील प्रत्येक खेळाचे रसिक तो विचारीत आले आहेत. फरक इतकाच की, शंकरपटाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अखेर सर्वोच्च न्यायालयात शोधावे लागले.

शहरी वाचकांसाठी प्रथम पटाची थोडी ओळख. पश्चिम महाराष्ट्रात जी बैलगाडा शर्यत, तिचाच विदर्भातील भाऊबंद म्हणजे शंकरपट. धावण्यासाठी तयार केलेल्या सरळ पट्टीला 'दाण' म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपली जाते आणि ती हाकणारा तो धुरकरी. काही पटांत दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवरून एकाच वेळी सुटतात. काही ठिकाणी प्रत्येक जोडी स्वतंत्र धावते आणि सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ मोजून निकाल लावला जातो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यासाठी प्रसिद्ध आहे. सारा खेळ काही सेकंदांचा. त्या सेकंदांसाठी बैलाला वर्षभर खुराक, चालणे आणि सराव दिला जातो. पटाच्या बैलाचे नाव पंचक्रोशीत गाजते, त्याची किंमत वाढते आणि मालकाची प्रतिष्ठाही. जेथे यशापयशातील अंतर सेकंदाच्या अंशाचे असते, तेथे नियमाच्या कडेकडेने चालण्याचा मोहही मोठा असतो.

प्रेक्षकांची नजर

नियमभंगाविषयीचा वाद इतका चिवट का असतो, याचे एक उत्तर अमेरिकेतील एका जुन्या अभ्यासात सापडते. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. तो कमालीचा धसमुसळा होता. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याचे एकच चित्रीकरण दाखविले आणि दिसतील तितके नियमभंग टिपून घेण्यास सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या त्याच संघाचे केवळ ४.३. हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे तात्पर्य असे की, रसिक खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे दिसत असते.

याच खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेत २०१५ मध्ये जे घडले, ते या निष्कर्षाची साक्ष देते. १८ जानेवारी २०१५ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५-७ असा धुव्वा उडविला. मात्र मध्यंतरात पेट्रियट्सचे चेंडू तपासले असता त्यांतील हवा नियमाने ठरविलेल्या किमान दाबापेक्षा कमी आढळली. मऊ चेंडू पकडण्यास आणि फेकण्यास सोपा जातो. थंडीत चेंडूतील हवेचा दाब आपोआप उतरतो, असे पेट्रियट्सचे चाहते भौतिकशास्त्राच्या आधाराने सांगू लागले; इतरांनी त्याच संघाच्या २००७ मधील गुप्त चित्रीकरणाच्या प्रकरणाकडे बोट दाखविले. नामांकित खेळाडू टॉम ब्रॅडी याच्यावर चार सामन्यांची बंदी आणि संघाला दहा लाख डॉलरचा दंड झाला. ब्रॅडीवरील बंदी एका न्यायालयाने रद्द केली, तर वरच्या न्यायालयाने पुन्हा लागू केली.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथील कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकरला चेंडूच्या शिवणीवरून बोटे फिरविल्याबद्दल मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका सामन्याची स्थगित बंदी सुनावली, तेव्हा महाराष्ट्रात उसळलेला संताप अनेकांच्या स्मरणात असेल. पंचांच्या नजरेसमोर न करता चेंडू साफ करणे एवढाच तो तांत्रिक दोष होता, हे नंतर स्पष्ट झाले. परंतु ते स्पष्ट होण्यापूर्वीच आपला निर्णय झालेला होता, हेही तितकेच खरे. २०१८ मध्ये केप टाउनला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू चेंडूवर घासकागद चालविताना सापडले, तेव्हा निर्णय द्यायला आपल्याला क्षणाचाही विलंब लागला नाही.

तीन प्रकारचे नियम

तथापि, प्रत्येक नियमभंग सारखाच, असे म्हणणेही बरोबर नाही. खेळातील नियमांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला संकेताचा. कोणती जोडी कोणत्या दाणीवर, किती फेऱ्या, बरोबरी झाल्यास काय करावे, हे नियम सोयीसाठी केलेले असतात आणि एकमताने बदलताही येतात. दुसरा समानतेचा. इशाऱ्यापूर्वी जोडी सोडणे किंवा चेंडूतील हवा कमी करणे यात प्रतिस्पर्ध्याची फसवणूक होते. तिसरा प्रकार देहरक्षणाचा. हा नियम मोडल्यास कोणाच्या तरी शरीराला इजा होते. रसिकांच्या वादात हे तीनही प्रकार एकाच मापाने मोजले जातात आणि तेथेच घोटाळा होतो. इशाऱ्याच्या क्षणाचा अचूक अंदाज बांधणारा धुरकरी चलाख म्हणावा. इशाऱ्याआधी जोडी सोडणारा लबाड. पण आर लावलेली तुतारी टोचणारा, शेपटी पिरगाळणारा किंवा विजेचा झटका देणारा या दोहोंपेक्षा वेगळ्या पंक्तीत बसतो. कारण त्याच्या कृत्याची झळ ज्याला बसते, तो बैल या स्पर्धेत स्वेच्छेने उतरलेला नसतो, त्याला बक्षीस मिळत नाही आणि पंचांकडे दादही मागता येत नाही.

यावर रसिकांचा नेहमीचा युक्तिवाद 'सगळेच करतात' हा. तो नीट तपासून पाहण्यासारखा आहे. समजा, एकाही धुरकऱ्याने तुतारी वापरली नाही, तर जी जोडी अधिक वेगवान, ती जिंकेल. समजा, सर्वांनीच वापरली, तरीही बहुधा तीच जोडी जिंकेल. म्हणजे सर्वांच्या लबाडीने निकालात फारसा फरक पडत नाही. केवळ सर्व बैल रक्ताळतात. मात्र एकट्या धुरकऱ्याने तुतारी खाली ठेवली, तर तो मागे पडतो. म्हणून मनातून नको असूनही प्रत्येक जण ती हाती धरतो. ही कोंडी कोणा एकाच्या सद्वर्तनाने फुटत नाही. ती फोडण्यासाठी सर्वांना सारखाच लागू होणारा नियम, तो पाळून घेणारा पंच आणि त्या पंचाच्या पाठीशी उभा राहणारा प्रेक्षक, असे तिघेही लागतात.

दुसरा युक्तिवाद 'नांगराला चालते, तर पटाला का नको' असा. परंतु गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांना टोकदार काठीने टोचण्यास केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनीच मनाई केलेली आहे. नियम नवा नव्हता. त्याकडे पाहण्याची सवय नव्हती.

सवलतीची किंमत

या दुर्लक्षाची किंमत अखेर खेळालाच मोजावी लागली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. न्यायालयापुढे ठेवलेल्या पुराव्यांत मारहाण, शेपटी पिरगाळणे, टोचणे यांचीच वर्णने होती. पटाचा निर्मळ आनंद त्या कागदपत्रांत नव्हता. कारण रसिकांनी ज्याकडे डोळेझाक केली, तेच इतरांच्या डोळ्यांना प्रथम दिसले.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने शर्यतींना दिलेली परवानगी न्यायालयाने काही दिवसांतच स्थगित केली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु बैलाची शरीररचनाच धावण्याच्या शर्यतीसाठी नाही, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली. मधल्या साडेसात वर्षांत कायदेशीर पट झाले नाहीत. पटाचे बैल पोसणे अनेकांना परवडेनासे झाले आणि ज्या मुक्कामी पट भरे, तेथील दुकानदारांपासून नाटकवाल्यांपर्यंत सर्वांनाच त्याचा फटका बसला. ज्यांनी कधी तुतारी हाती धरली नव्हती, त्यांनाही.

आज पट भरवायचा, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी हवी, धावण्याचे अंतर एक हजार मीटरच्या आत हवे. काठी, चाबूक, विजेचे साधन यांना मज्जाव आहे. बैलाला इजा केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घटनापीठाने दुरुस्ती मान्य केली ती या अटींमुळे बैलाच्या वेदना पुरेशा कमी होतात, हे गृहीत धरून. म्हणजेच पटाचे अस्तित्व आता परंपरेइतकेच या अटींच्या पालनावरही उभे आहे. शर्यत म्हणजेच क्रौर्य, असे मानणारा वर्ग आजही आहे. त्याचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि दाणीवर सापडलेला प्रत्येक खिळा त्याच्या बाजूची साक्ष ठरेल.

शंकरपटात एक गोष्ट अमेरिकेतील किंवा क्रिकेटमधील वादांहून वेगळी आहे. तेथे प्रेक्षक पडद्यापलीकडे असतो. दंड, बंदी, अपील यांत त्याच्या मताला किंमत नसते. पटाचा प्रेक्षक मात्र दाणीला खेटून उभा असतो. धुरकऱ्याच्या मुठीत काय आहे, हे पंचांच्या आधी त्याला दिसते. आपल्या गावच्या जोडीचा धुरकरी मूठ लपवीत असेल, तेव्हा तो गप्प राहतो की बोलतो, यावर पुढील हंगामाचा पट अवलंबून आहे. समोरच्याची लबाडी ओळखायला कोणालाच शिकवावे लागत नाही. स्वतःच्या गावाची ओळखता आली, तर मंडईतील वाद मंडईतच मिटतील. त्यासाठी पुन्हा दिल्ली गाठावी लागणार नाही.