गुडघ्याचं पॅड आणि वाशिमचं ऊन : काय खरं, काय खोटं

वऱ्हाड म्हणजे सपाट काळी जमीन, तिथे कसलं आलंय माउंटन बायकिंग? पहिला गैरसमज हाच, आणि तो बरेचदा जिल्ह्यातलीच माणसं बोलून दाखवतात. वाशिम जिल्हा पठारावर आहे. इथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेमार्गे तापीच्या खोऱ्यात जाते आणि अडाण नदीचं पाणी मात्र गोदावरीच्या खोऱ्यात. दोन खोऱ्यांचं पाणी ज्या उंचवट्यावर वेगळं होतं, त्याच उंचवट्यावर आपण सायकल चालवतो. मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा भागातल्या टेकड्यांवर सुटा मुरूम, त्यात अर्धे रुतलेले काळे दगड आणि कडेला बाभळीचे काटे असतात. खाली शेताच्या बांधावर आलात की तुरीची धसकटं. उतारावर मुरमात पुढचं चाक घसरलं की माणूस आधी गुडघ्यावर येतो आणि हात सावरायला गेला की कोपरावर.

त्या जखमेला ‘थोडं खरचटलं’ म्हणणं मला पटत नाही. डांबरी रस्त्यावर कातडी सोलते. मुरमात तीच कातडी सोलून शिवाय बारीक खडे आत रुतून बसतात. ते साफ करताना जखम घासावी लागते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, ते आठवावं लागतं. त्यात गुडघा आणि कोपर हे सांधे. प्रत्येक वाकण्याबरोबर तिथली कातडी ताणली जाते, धरलेली खपली फुटते आणि पोटरीवरची जखम भरून गेली तरी गुडघ्याची तशीच राहते. म्हणून उन्हाळा आला की पॅड घरी ठेवून निघणाऱ्यांची मला काळजी वाटते.

‘पॅड घातलं की अंग तापतं, ऊन लागतं’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. शरीर थंड राहतं ते सगळ्या अंगावरचा घाम वाळल्यामुळे. त्या मानाने दोन गुडघ्यांची जागा फार थोडी. तिथे उकडतं, चिकचिक होते, हे खरंच आहे. पण उष्माघाताचा धोका ठरतो तो किती वाजता निघालात, पाणी किती प्यालात आणि चढावर किती दम काढलात यावर. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दहा वाजता टेकडीवर असणं हीच चूक आहे. पॅड काढून ती दुरुस्त होत नाही. उजाडताच निघावं आणि ऊन चढायच्या आत घरी यावं.

तरीही सगळे पॅड सारखे नसतात. निओप्रीन नावाचं रबरी कापड पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात, कारण ते ऊब धरून ठेवतं. त्याच कापडाचे पॅड आपल्याकडे सर्रास मिळतात आणि ‘पॅड म्हणजे उकाडा’ हे मत बहुधा त्यांच्यामुळेच झालेलं असतं. काहींना या रबरातल्या रसायनांनी अंगावर पुरळही येतं. उन्हाळ्यासाठी जाळीदार कापडाचं, गुडघ्याच्या मागची बाजू मोकळी किंवा निव्वळ जाळीची असलेलं आणि आतल्या फोमला आरपार भोकं असलेलं पॅड घ्यावं. दुकानात ते उजेडाकडे धरून बघा. भोकांतून उजेड दिसला तर वाराही जाईल.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पॅडला खरा त्रासाचा काळ एप्रिल-मे नव्हेच. तेव्हा हवा कोरडी असते, जाळीतून घाम भराभर वाळतो. श्रावण-भाद्रपदात आणि पावसाळा सरता सरता ऑक्टोबरच्या उकाड्यात हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, ओलं कापड कातडीवर घासत राहतं आणि गुडघ्याच्या मागे चट्टे उठतात. उन्हाळ्यात सुखाचं वाटलेलं पॅड सप्टेंबरात नकोसं झालं तर त्यात नवल नाही. त्या दिवसांत मधल्या थांब्यावर ते काढून पाय कोरडे पुसून घ्यावेत.

‘मेडिकलमधली नी-कॅप आहे की माझ्याकडे.’ नी-कॅप म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला आधार देणारी लवचीक पट्टी. ती सांध्याला दाब देते, पण दगडाचा मार झेलणारं तिच्यात काहीच नसतं आणि मुरमात घसरलं की ती पहिल्या फटक्यात फाटते. उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे : पॅड घातलं म्हणजे गुडघा पिरगळणार नाही. पॅड मार झेलतं आणि कातडी वाचवतं. पाय अडकून गुडघा मुरगळला तर आतल्या लिगामेंटचं रक्षण त्याच्याने होत नाही.

मोटरसायकलवाल्यांचे कडक गार्ड अनेक जण सायकलवर वापरून पाहतात. मोटरसायकलवर गुडघा जवळजवळ स्थिर असतो. सायकलवर तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा वाकतो. तासाभरात गार्डची कड मांडीला कापायला लागते. स्केटिंगचे पॅड पायडल मारता मारता खाली सरकतात आणि नेमके पडायच्या वेळी नडगीवर असतात.

आता ‘जितकं जाड तितकं सुरक्षित’ याबद्दल. हातापायांच्या पॅडसाठी युरोपचं ईएन १६२१-१ हे मानक आहे. ते मुळात मोटरसायकलसाठीचं, पण माउंटन बायकिंगच्या चांगल्या पॅडवरही तेच लावतात. चाचणीत पॅडवर ५० ज्यूलचा आघात करतात; ५ किलोचं वजन साधारण १ मीटरवरून पडलं असं समजा. पॅडखाली पोहोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, २० च्या आत असेल तर लेव्हल २. हा आकडा नुसत्या जाडीवरून कळत नाही. डी-थ्री-ओसारखे फोम हाताला मऊ लागतात, पण अचानक मार बसला की त्या क्षणापुरते घट्ट होतात. त्यामुळे पातळ, भोकं असलेलं पॅडही लेव्हल १ गाठू शकतं, आणि आपल्या टेकड्यांवरच्या साध्या पायवाटांना माझ्या मते तेवढं पुरे. दगडांच्या खड्या उतारावर वेगाने जाणार असाल तर लेव्हल २ बघा.

आणि वाशिमकरांनी बघायलाच हवी अशी खूण पुढे आहे. फोम उष्णतेने मऊ पडतो आणि मऊ पडला की त्याची ताकद उतरते. म्हणून या मानकात ४० अंशांवरची एक वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे. पॅडचा आतला तुकडा बाहेर काढा. त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं, जवळ गुडघ्यासाठी के किंवा कोपरासाठी ई हे इंग्रजी अक्षर, लेव्हलचा आकडा आणि चाचणी पास असेल तर टी-प्लस. आपल्या उन्हात ही खूण लेव्हलच्या आकड्याइतकीच मोलाची आहे. ती नाही म्हणून पॅड टाकाऊ ठरत नाही, पण दोन सारख्या पॅडमध्ये निवडायचं झालं तर मी टी-प्लसवालंच घेईन.

‘घातलं की शेवटपर्यंत घालूनच ठेवायचं’ असाही समज आहे. चढावर वेग कमी आणि घाम जास्त. तिथे पॅड घोट्यापर्यंत खाली सरकवा किंवा हँडलला अडकवा आणि माथ्यावर पोहोचल्यावर नीट चढवा. बूट न काढता उघडता येणारं, बाजूला चेन किंवा वेल्क्रो असलेलं पॅड यासाठीच सोयीचं. सगळी खरेदी एकदम जमत नसेल तर आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग गुडघा. कोपराचं शेवटी घेतलं तरी चालेल. ते घेईपर्यंत पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा घाला. तो मार झेलत नाही, पण उन्हापासून आणि काट्यांपासून वाचवतो.

माप अंदाजाने घेऊ नका. मांडीचा घेर गुडघ्याच्या किती वर मोजायचा, हे प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं; तिथेच टेप लावा. पॅड चढवून पाय पूर्ण दुमडा आणि सोडा. मागे वळी पडून रुतत असेल तर ते मोठं आहे, पोटरीवर लाल वळ उठत असेल तर लहान. निघायच्या आधी पायांना खोबरेल तेल लावायची सवय असेल तर त्या दिवशी ते टाळा, कारण वरच्या कडेची सिलिकॉनची पट्टी तेलावर धरत नाही.

परत आल्यावर आतला फोम काढून कापड साध्या पाण्यात हाताने धुवा. वास घामाचा नसून त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, त्यामुळे अत्तर मारून तो जात नाही. वाळवायचं ते सावलीत. पत्र्यावर किंवा गाडीच्या मागच्या काचेपाशी दुपारभर टाकलेलं पॅड लवकर वाळतं खरं, पण त्यातलं इलॅस्टिक आणि फोम दोन्ही त्या उन्हात खराब होतात. मोठ्या पडझडीनंतर फोमला चीर गेली असेल किंवा बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर ते पॅड बदलायला झालं आहे.